सोडतीत लागलेलं डुक्कर

"डुकराक मारूक अर्ज?" आप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं. रेंज चांगली होती, ऐकूही नीट आलं होतं. फक्त पटलं नव्हतं.

म्हटलं, हो, अर्ज. ऑनलाइन भरायचा, ऑक्टोबरात मुदत संपते, मग सोडत. नंबर लागला तर फेब्रुवारीतले दहा दिवस मिळतात, तेही आखून दिलेल्या हद्दीत. एका टॅगवर, म्हणजे परवान्यावर, एकच जनावर.

"आणि नंबर लागलो नाय तर?"

"तर बोनस पॉइंट. पुढल्या वर्षी चान्स वाढतो."

पलीकडून थोडा वेळ फक्त कोंबड्याचं आरवणं ऐकू आलं. तिकडे कुडाळजवळच्या आमच्या वाडीत सकाळचे साडेआठ, इकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये आदल्या रात्रीचे आठ. (ॲरिझोना घड्याळं मागेपुढे करत नाही. त्यामुळे बारा महिने साडेबारा तासांचाच फरक. न्यू जर्सीतल्या मराठी पोरांचे आईबाप वर्षातून दोनदा गोंधळतात, आमचे नाही.) मग आप्पा म्हणाले, "आमच्याकडे डुकर अर्ज न करता येतत."

यावर काय बोलणार? यंदाही भाताच्या दोन कुणग्यांची डुकरांनी पार माती केलीय.

आता ज्याला आम्ही बापलेक सोयीपुरतं डुक्कर म्हणतोय, ते खरं तर डुक्कर नाही. नाव हॅवेलिना. स्पेलिंग 'जे'ने सुरू होतं, पण स्पॅनिशमध्ये त्या 'ज'चा 'ह' होतो; मी पहिली दोन वर्षं भालाफेकीतल्या जॅव्हेलिनसारखा उच्चार करायचो आणि ऑफिसात कोणी सुधारायचंही नाही. स्पॅनिश लोक या खंडात आले तेव्हा त्यांनी हे जनावर पाहिलं आणि आपल्याकडच्या रानडुकराचं, हाबालीचं, नाव त्याला चिकटवलं. ते हाबालीही मूळचं अरबी 'जबली', म्हणजे डोंगरातलं. जिब्राल्टरमधला 'जबल' तोच. म्हणजे अरबस्तानातून स्पेन, स्पेनमधून मेक्सिको असा प्रवास करत आलेलं नाव, आणि तेही चुकीच्या प्राण्याला. खरी डुकरं जुन्या जगातली. हे पेकरी कुळातलं, अमेरिका खंडातलंच. डुकराचे सुळे बाहेर वळतात, याचे सरळ खाली-वर, एकमेकांवर घासून धार लागलेले. मागच्या पायाला बोटं तीनच. गळ्याभोवती फिकट पांढरा पट्टा, म्हणून इंग्रजीत कॉलर्ड पेकरी. वजन वीस-बावीस किलो. आमच्याकडचा दांडगा एकुलगा डुक्कर शंभर किलोंच्या पुढे जातो. त्याच्या शेजारी हे म्हणजे केसाळ बॅग.

या बॅगांचे कळप टूसॉनच्या वस्त्यांतून रात्री फिरतात. हॅलोविनचे भोपळे दारात ठेवले की सकाळी फक्त देठ. २०२३च्या ऑक्टोबरात तर सेडोनाच्या एका गोल्फ कोर्सवर त्यांनी अळ्या-गांडुळांसाठी असं काही उकरलं की त्या उलथ्यापालथ्या हिरवळीचा व्हिडिओ देशभर फिरला. मी तो आप्पांना पाठवला. त्यांचं उत्तर: "नांगरट बरी झाली."

अर्जाकडे येतो. गेली काही वर्षं मी इथे एका खाणीच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. शिकारीचं डोक्यातही नव्हतं. ग्रीन कार्ड येईपर्यंत तर बंदुकीला हात लावायचीही भीती, कारण व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा इथे केंद्राच्या कायद्याने गुन्हा. त्यातही गंमत अशी की शिकारीचा परवाना असेल तर सूट आहे. म्हणजे नुसती बंदूक नको, पण काही मारणार असाल तर चालेल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वकिलाला विचारून खात्री करून घेतली होती.

मला यात ओढलं ते शेजारच्या काकांनी. मनातल्या मनात काका. तोंडावर अर्थात पहिल्या नावाने हाक मारतो आणि दर वेळी जीभ अडखळते. तांब्याच्या खाणीत उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस, घरात स्पॅनिश, दारात इंग्रजी. दर वर्षी अर्ज करतात. गेल्या वर्षी त्यांचा जोडीदार मित्र वारला. सप्टेंबरात एके दिवशी कुंपणावरून म्हणाले, एकट्याने जाण्याचं माझं वय राहिलं नाही, तू नाव घाल. नाही म्हणायला हवं होतं. मी अर्ज कसा भरायचा ते विचारलं.

राज्याचे सत्तर-ऐंशी तुकडे पाडलेत, प्रत्येकाला नंबर. अकरावी प्रवेशासारखे पाच पसंतीक्रम. त्यात हत्याराप्रमाणे वेगवेगळे हंगाम: जानेवारीत फक्त धनुष्यबाणवाले, फेब्रुवारीत आधी पिस्तूल, धनुष्यबाण किंवा ठासणीची बंदूक घेणारे, मग शेवटी साधी रायफल चालणारे. दोघांचा एकत्र अर्ज, कारण नंबर लागला तर दोघांचा, नाही तर कोणाचाच नाही. म्हाडाच्या सोडतीत दोनदा हात पोळलेल्या माझ्या पुण्याच्या मेव्हण्याला मात्र हे सगळं एका झटक्यात समजलं. आम्ही मधला हंगाम मागितला, तुकडा ३६-बी. नंबर लागला.

मधला का, तर काकांकडे ठासणीची बंदूक आहे. त्यांनी ती गराजमधल्या कपाटातून काढून माझ्या हातात दिली आणि मला क्षणभर काही सुचेना. लाकडी दस्ता, लांब नळी, खाली खोवलेला गज, घोड्याखाली केप बसवायची जागा. आमच्या पडवीत खुंटीवर हीच होती. आजोबांची. शेतीसंरक्षणाच्या लायसनवर मिळालेली. आधी दारू, मग काथ्या, मग छर्रे, मग गजाने ठास ठास ठासायचं. आप्पा लहानपणी कितव्या ठोक्याला आवाज बदलतो ते ओळखायचे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि त्याच महिन्यात नेमकी डुकरं शेतात, असं आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे. डुकरांना आचारसंहिता कळते, हा त्यांचा विनोद होता की तक्रार, मला कधी कळलं नाही.

सिंधुदुर्गात ज्याच्याकडे दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे ठासणीची होती. इथे ज्याच्याकडे सगळं आहे तो मुद्दाम ठासणीची घेतो. एकच बार. चुकला तर पुन्हा भरायला मिनिट जातं, तोवर कळप डोंगरापलीकडे. पन्नास-साठ पावलांवर जाता आलं पाहिजे, नाहीतर नेम धरायचाच नाही, हा काकांचा नियम. जनावराला वाव मिळावा म्हणून माणसाने स्वतःचे हात बांधून घ्यायचे, हे आप्पांना मी तीन वेगवेगळ्या दिवशी समजावलं. चौथ्या दिवशी त्यांनीच मला थांबवलं. "कळला मरे. तुमका पोटासाठी नको हा, म्हणान खेळतास."

हे लागलं. खोटं नव्हतं म्हणून लागलं.

मी स्वतः डुक्कर मारलेलं कधी पाहिलं नाही. १९७२चा वन्यजीव कायदा माझ्या जन्माआधीचा. मला आठवते ती राखण. भात पोटरीत आलं की रात्री शेतातल्या माळ्यावर आप्पांबरोबर जायचं, घोंगडं, टॉर्च आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन. मध्यरात्री कधीतरी खालून आवाज यायचा. खसखस, मग चपचप, मग एक हुंकार. डबा बडवायचा, हाळी घालायची. आवाज थांबायचा, दुसऱ्या कोपऱ्यातून सुरू व्हायचा. सकाळी पाहावं तर लोळून झोपवलेलं भात, चिखलात खूर आणि आईचं न बोलता लोंब्या वेचणं. इतकी वर्षं ज्याच्यावर दात धरला तो प्राणी मला अख्खा असा कधी दिसलाच नाही. टॉर्चच्या उजेडात एकदा पाठ दिसली, बस. माझ्या लेखी डुक्कर म्हणजे एक आवाज आणि सकाळचं नुकसान.

हॅवेलिनाने माझं काही बिघडवलेलं नाही. आमच्या दारात कुंड्याही नाहीत. आणि तिच्याबद्दल मला गेल्या चार महिन्यांत जेवढं कळलं तेवढं ज्यांच्यामुळे आमचं भात गेलं त्यांच्याबद्दल चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

डिसेंबरात आम्ही रान बघून आलो. टूसॉनहून दक्षिणेला नोगालेसकडे जाणारा आय-१९ हा या देशातला एक चमत्कारिक रस्ता आहे: त्याच्यावरची अंतरं मैलांत नाहीत, किलोमीटरमध्ये आहेत. शंभरेक किलोमीटरचा आपला माणूस. पहाटे साडेचारला निघालो. तुमाकाकोरीच्या डोंगरांकडे वळलो तेव्हा पूर्वेला नुसती राख होती आणि गाडीच्या काचेवर बर्फाची साय. वाळवंट म्हणजे ऊन, हा समज घेऊन येणाऱ्यांनी इथली डिसेंबरची पहाट एकदा अंगावर घ्यावी. पुढे कच्चा रस्ता, मग पायी. एका धारेवर काकांनी बूड टेकलं, तिवई उभी केली, तिच्यावर दुर्बीण बसवली आणि म्हणाले, आता दोन तास आपण इथेच.

मी हाकाऱ्यांच्या गावचा. पारध म्हणजे आरडाओरडा, डबे, कुत्रे, आणि वाटेवर दबा धरलेला बंदूकवाला, असं ऐकत वाढलेला. इथे पारध म्हणजे दुर्बिणीतून समोरचा डोंगर वाचायचा. अक्षरशः वाचायचा: डावीकडून उजवीकडे एक पट्टा, मग थोडं खाली, उजवीकडून डावीकडे. उन्हाचा पहिला तुकडा जिथे पडतो तो उतार आधी. कारण हॅवेलिनाच्या अंगावर लोकर नाही, नुसते राठ केस. थंडीच्या रात्री कळप एकमेकांना बिलगून झोपतो आणि ऊन आलं की उबेला बाहेर येतो. हे कळलं की अर्धा डोंगर आपोआप वजा होतो.

पाऊण तास मला फक्त दगड दिसले. एक दगड हॅवेलिनासारखा दिसला, मी काकांना कोपराने ढोसलं, त्यांनी न बघताच सांगितलं की तो गेल्या वर्षीही तिथेच होता.

मधल्या वेळात जवळचं बघत बसलो. बाजूलाच फड्या निवडुंग. आमच्याकडे सड्यावर, गडग्याच्या कडेला असतो तोच, निदान त्याच घराण्यातला. आपल्याला तो इतका गावचा वाटतो, पण तो मूळचा या खंडातला; माणसांनी तिकडे नेला आणि पसरला तो असा की दक्षिण भारतात जमिनीच्या जमिनी त्याने गिळल्या. शेवटी १९२० च्या दशकात श्रीलंकेतून एक किडा आणून सोडला, तेव्हा कुठे तो आवरला. तो किडाही मूळ इथलाच. समोरच्या फड्यावर कापूस पिंजून चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके होते. काका म्हणाले, चिरड. चिमटीत धरून चिरडला तर बोटं लालभडक. कोचिनील. याच लाल रंगासाठी स्पॅनिशांनी मेक्सिकोतून जहाजं भरभरून नेली. आपण ज्याला किरमिजी म्हणतो, तो शब्दही अशाच रंग देणाऱ्या, पण जुन्या जगातल्या, एका किड्याच्या नावावरून आलेला. ते लाल बोट मी पँटला पुसलं. डाग अजून आहे.

त्याच निवडुंगाचा एक फड अर्धा खाल्लेला होता. काकांनी दाखवलं: सशाने खाल्लं तर सुरीने कापल्यासारखी कड असते. इथे कड फाटलेली, आतले दोरे लोंबत होते. म्हणजे दातात धरून ओढलंय. काट्यांसकट. हिवाळ्यात कोरड्या रानात हाच पाणी, हाच घास. काका दोरे बोटाने चाचपून म्हणाले, ओले आहेत. म्हणजे काल रात्री, फार तर आज पहाटे. आमच्याकडे ह्या निवडुंगाला खाणारं कोणी नव्हतं म्हणून तर किडा आणावा लागला. इथे त्याला गिऱ्हाईक आहे.

आणि मग त्या दिसल्या. मी शोधत होतो तिथे नाही, त्याच्या बऱ्याच खाली, ओकोतियो नावाच्या झुडपाच्या वाळक्या छड्यांमागे. आधी एक दगड हलला. मग तीन. मग मोजायला लागलो ते नऊवर थांबलो. राखाडी, मिठामिऱ्याच्या रंगाच्या, मोठं डोकं आणि नाजूक पाय, जणू उंच टाचांच्या चपला घालून खडीवरून चालल्यात. त्यांतल्या दोघी शेजारी शेजारी आल्या, एकीचं तोंड उत्तरेला, दुसरीचं दक्षिणेला, आणि एकमेकींच्या कंबरेवर डोकं घासायला लागल्या. बराच वेळ. काका कुजबुजले, ओळख पटवतात. पाठीवर शेपटीच्या वर एक ग्रंथी असते, तिचा वास एकमेकींना चोळायचा. त्या वासावर कळप कळप राहतो. नजर यांची अधू. पन्नास पावलांवर माणूस स्तब्ध उभा राहिला तर झाड समजतील. नाक मात्र असं की वारा फिरला तर पाचशे पावलांवरून जातील.

काकांनी खिशातून एक छोटी डबी काढून दाबली. टाल्कम पावडरचा ढग निघाला आणि आमच्याच तोंडावर आला. वारा बरोबर होता. हंगाम असता तर उठून निघायची हीच वेळ.

हंगाम नव्हता. आम्ही बसून राहिलो. कळपाच्या मागे तांबूस रंगाची दोन पिल्लं होती, मोठ्यांच्या पोटाखालून पळणारी. मी विचारलं, नर कोणता, मादी कोणती? काका म्हणाले, इतक्या लांबून सांगता येत नाही. जवळूनही कठीण. नियमाने दोन्ही चालतात. पण पिल्लं जिच्या मागे आहेत ती नाही मारायची. आणि पिल्लं तर बाराही महिने असतात.

"मग कळणार कसं?"

"बघत राहायचं," ते म्हणाले. "कळलं नाही तर घरी जायचं."

परतीच्या वाटेवर सीमा पोलिसांची चौकी लागते. दरवेळी काकांना विचारतात नागरिक का, ते हो म्हणतात, आणि हाताने पुढे. त्या दिवशी शेजारी मी. गुडघ्यापर्यंत धूळ, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी, गळ्यात दुर्बीण, पँटवर लाल डाग. ग्रीन कार्ड दाखवलं. अधिकाऱ्याने डागाकडे बघितलं. काका म्हणाले, निवडुंगातला किडा आहे. तो हसला. माझं हसू मात्र दोन किलोमीटर पुढे गेल्यावर आलं.

बाकीची तयारी म्हणजे यादी. ती तुम्हाला काय सांगू. कोणत्याही ट्रेकची असते तशीच. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, कारण तिथे नळ नाही आणि ओढ्यात वाळू असते. पाणवठा सापडलाच तर त्याच्यापासून पाव मैलाच्या आत तंबू टाकायचा नाही, जनावरांची वाट अडते म्हणून. रानात कॅमेरे बांधून जनावरांवर पाळत ठेवायला २०२२पासून बंदी. एक स्टेपनी पुरत नाही, दोन. एकच वस्तू अशी जी मी आजवर कुठल्या यादीत लिहिली नव्हती: कंगवा. चोया नावाचं एक निवडुंग आहे, त्याच्या काटेरी कांड्या स्पर्श होताच तुटून अंगात बसतात. हाताने काढायला गेलात तर हातात बसतात. मग कंगवा आत घालून झटका द्यायचा. हिच्या ड्रॉवरमधला जुना कंगवा घेतला. विचारून घेतला.

ही या सगळ्याच्या विरोधात आहे. बोलून दाखवत नाही, पण शिकारीचा विषय निघाला की भांडी जरा जोरात घासली जातात. आमची लेक बारा वर्षांची. ती सरळ विचारते. बाबा, तुला त्या आवडतात ना? मग? मी म्हटलं, मी चिकन खातो, मटण खातो, ती जनावरं कोणीतरी माझ्यासाठी मारतंच. ती म्हणाली, त्यासाठी तू चार महिने त्यांचे फोटो बघत नाहीस. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. मी तिला हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाच्या, कोर्सचं पुस्तक दाखवलं. मोठ्यांना तो कोर्स सक्तीचा नाही, पण केला तर एक कायमचा बोनस पॉइंट मिळतो, आणि मी मराठी माणूस आहे, फुकटचे गुण सोडत नाही. त्यात पहिल्या पानांवरच आहे: नेमाच्या मागे काय आहे ते कळल्याशिवाय बोट चापावर ठेवायचं नाही. ती म्हणाली, चांगलं आहे. आणि पुस्तक मिटून दिलं.

मांसाचंही सांगून टाकतो, कारण ज्याला त्याला वाटतं की हे खाण्याजोगं नसतंच. इथल्या कितीतरी लोकांचं तेच मत, आणि दोष त्या ग्रंथीवर. काकांच्या मते दोष माणसांचा. ग्रंथी कातडीतच असते, कातडीबरोबर निघून जाते. पण ज्या हाताने कातडी धरली तोच हात आणि तीच सुरी मांसाला लावली की वास बसला. म्हणून सुऱ्या दोन, हातमोजे दोन जोड, आणि दुपारच्या आत मांस बर्फात. फेब्रुवारीतही इथे दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात. पुढे काकांची पद्धत: हाडासकट, लाल सुक्या मिरच्यांच्या वाटणात, मंद आचेवर रात्रभर. मी हळूच विचारलं, वाटणात भाजलेलं सुकं खोबरं चालेल का? ते विचारात पडले. धणे, लवंग, तीळ त्यांच्याही वाटणात असतात, फक्त खोबऱ्यापर्यंत त्यांचा कोणी कधी गेला नव्हता. म्हणाले, अर्धं तुझं, अर्धं माझं.

हे अर्धं-अर्धं मी आप्पांना काल सांगितलं. पुन्हा रात्रीचे आठ, सकाळचे साडेआठ. या वेळी व्हिडिओ कॉल होता. बंदूक दाखवली, काकांनी कालच आणून दिलेली, अर्थात रिकामी. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ घेतला. बराच वेळ स्क्रीनवर त्यांचा नुसता एक डोळा.

"गज सरळ हा?"

"सरळ आहे."

"आमचो वाकलेलो होतो," ते म्हणाले. मग एकदम, "वाटे कोणाकोणाक दितलंय?"

म्हटलं, काका आणि मी.

"दोनच?"

त्यांच्या लहानपणी गावची पारध व्हायची तेव्हा वाट्यांचा हिशोब शिकारीपेक्षा मोठा. ज्याचा बार लागला त्याचा वाटा, ज्याची बंदूक त्याचा, हाकाऱ्यांचे, कुत्रेवाल्यांचे, आणि वाटेत नुसता उभा असलेल्याचाही. सात-आठ वर्षांचे आप्पा हाकाऱ्यांच्या मागे काठी आपटत जायचे, त्यांनाही पळसाच्या पानावर मूठभर. ते घेऊन घरापर्यंत धावत जायचे, म्हणाले, रस्त्यात कोणी बघावं म्हणून मुद्दाम लांबच्या वाटेने. आईने शिजवल्यावर चव कशी होती ते आठवत नाही. लांबची वाट आठवते.

मी यादीचा कागद उलटा केला आणि लिहायला लागलो. काकांची मुलगी, ती तमाले (मक्याच्या पिठात मांस भरून उकडलेले) करते. काकांच्या गेलेल्या मित्राची बायको. तिला द्यायलाच हवं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. ऑफिसातला एक नेपाळी मित्र. फीनिक्सचा एक मालवणी, जो डुकराचं नाव काढलं तर दोन तास गाडी चालवत येईल. एक छोटं जनावर, सात-आठ किलो मांस निघालं तर खूप, आणि वाटे सहा झाले. हॅवेलिना अजून डोंगरावर ऊन खात होती.

"आणि देवाचो?" आप्पा म्हणाले.

इथला देव कोण, हे मला कुठे माहीत? त्या डोंगरांच्या पश्चिमेला बाबोकिवारी नावाचं शिखर आहे, तोहोनो ओओधम लोकांचं. त्यांचा आदिपुरुष, इईतोई, त्याच्या पोटातल्या गुहेत राहतो अशी त्यांची श्रद्धा. ३६-बीमधल्या एखाद्या उंच धारेवरून ते दिसतं, एकटं, काळं, दाढेसारखं. त्याच शिखराच्या डोंगरात १९९६मध्ये जॅग्वार दिसला होता, त्याचे फोटो आहेत. हे सगळं मी आप्पांना सांगितलं.

"मगे तोच," ते म्हणाले. "तेच्या हद्दीत जातंस. इचारूक होया."

आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवत, खुर्चीतून उठून, डोक्याला उपरणं गुंडाळून, माझे निवृत्त शिक्षक वडील व्हरांड्यात उभे राहिले. डोळे मिटले. आमच्या गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं त्यांनी सुरू केलं. स्पीकर फाटत होता.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय तुझो झील सातासमुद्रापलीकडे, परमुलखात, तुझ्या हद्दीत पाय घालता..."

गाऱ्हाण्याला साथ लागते. एकाने मागायचं, बाकीच्यांनी हो म्हणायचं. देवळात पन्नास माणसं असतात. इथे मी एकटाच, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, समोर बंदूक, कंगवा आणि यादी.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. घशात धूळ असल्यासारखा आवाज आला.

"तेच्या वाटेत काय काटोकुटो असात, जनावर-बिनावर असात, तो दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"डुकर गावलो तर तुझी मर्जी. नाय गावलो तरी तुझी मर्जी. पण तेका सुखरूप घराक हाड म्हाराजा!"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी मागून, सिंककडून, भांड्यांचा आवाज थांबला आणि अस्सल पुणेरी उच्चारात आलं,

"व्हय महाराजा."